आक्काची कडी

फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघायच्या गडबडीत होते. पुतण्या बोलत होता, पण आवाज त्याचा वाटेना. "काकी, आई उठंना," एवढंच तो परत परत सांगत राहिला... डबा तसाच ओट्यावर ठेवून मी निघाले. आमच्या घरापासून आक्काचं घर दोन गल्ल्यांवर. मी पोचले तोवर भाऊजींनी रिक्षा आणली होती, आणि दवाखान्यात डॉक्टरांनी फार वेळ घेतला नाही. पहाटे कधीतरी झोपेतच हृदय थांबलं असावं, म्हणाले. मंगलआक्का माझी थोरली जाऊ. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली, गोळी म्हणून कसली चालू नाही. आदल्या संध्याकाळीच ती माझ्याकडे चहा पिऊन गेली होती. दंडाला घट्ट होणारा माझा एक निळा ब्लाउज तिनं सैल करायला नेला, आणि जाताना, बाही आटलेली नाही, तूच फुगलीस, असं दारातून ऐकवून गेली. सकाळी ये न्यायला, असंही म्हणाली होती. सकाळी मी गेले ती अशी.

मरणाच्या घरात काय काय करायचं असतं ते आता मला पाठ झालंय. सासरे झाले, सासूबाई झाल्या, मग माझी आई... कुणाला फोन लावायचे, कुणाला आठवणीनं लावायचे नाहीतर वर्षभर बोलतात, चहा कुठून मागवायचा, सतरंज्या कुणाकडच्या आणायच्या. हात आपोआप चालत राहतात आणि माणूस आतून दमत जातं. या खेपेला मात्र एक वाक्य मनात टोचून राहिलं. दहाव्याला जमलेल्या बायकांत शेजारच्या एक वहिनी हळहळून म्हणाल्या, "किती सोसलं बाई त्या तारेपायी. सगळं वायाच गेलं की वो." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. तरी मला ताडकन उठून जावंसं वाटलं, कारण तोच प्रश्न त्या दिवसापासून माझ्याही डोक्यात होता. खरंच वाया गेलं का? आज लिहायला बसले आहे तेही त्याच प्रश्नामुळे.

तार म्हणजे दातांची. आक्काच्या दाढा एकमेकींवर नीट बसायच्या, पण पुढचे वरचे आणि खालचे दात काही केल्या एकमेकांना भेटत नसत. मधे फट राहायची, तीतून जीभ दिसायची. लहानपणी बरीच मोठी होईपर्यंत ही अंगठा चोखायची, त्यानं असं झालं, असं तिची आई सांगायची. पुढच्या दातांनी काही तोडणं तिला जन्मात जमलं नाही. कणसाचे दाणे बोटांनी सोडवून खायची, पेरू फोडी करून. ती कवठे महांकाळकडची, कोरडवाहू मुलखातली. आमच्या सासरी रानात ऊस. नवी नवरी म्हणून कुणीतरी तिच्या हातात उसाचं कांडं दिलं, तर ती ते नुसतीच धरून बसली, आणि ही पोरगी आमच्या उसाला नाक मुरडते असा सासूबाईंचा समज झाला. तो कितीतरी वर्षं टिकला. त्या फटीमुळे 'स' आणि 'श' तिला धड येत नसत. माझं नाव शालन. ती मला 'थालन' म्हणायची. लग्न होऊन आले तेव्हा मला हसू आवरायचं नाही, मग सवय झाली, आणि पुढे पुढे तर घरातलं माझं खरं नाव तेच वाटायला लागलं.

भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, फौजेत. ते रिटायर होऊन सगळे साताऱ्याला राहायला येईपर्यंत आक्कानं गावाकडे मशीन चालवली, आणि साताऱ्यात आल्यावर पुढच्या खोलीत. ब्लाउज शिवावेत तर तिनंच. बायका लांबलांबून यायच्या. पण शिवणारं कुठलंही माणूस बघा, हुक लावून झाला, हातशिलाई संपली की दोरा सरळ दाताखाली धरतं आणि तोडतं. आक्काला ते करता यायचं नाही. म्हणून एक छोटं कटर ती नाडीला बांधून गळ्यात अडकवायची. ते सदान्‌कदा हरवायचं. पाठीवर गेलेलं असायचं, नाहीतर कापडाखाली, आणि ही हातातलं काम तसंच धरून घरभर विचारत फिरायची. दुसऱ्याकडचं शिवलेलं काही हातात आलं की आधी आतली बाजू उलटी करून दोऱ्याची टोकं बघायची. कात्रीचं टोक सरळ असतं, दाताचं चपटं होऊन पिंजारलेलं, चघळलेल्या काडीसारखं. "हे बग, दातानं तोडलंय," असं मला दाखवायची, आणि तिच्या आवाजात हेवा असायचा. मला तेव्हा गंमत वाटायची. इतकी हुशार बाई आणि हेवा कशाचा, तर दोरा तोडण्याचा.

तारेचं सगळं सुरू झालं ते माझ्या मुलीमुळे. तिचे दात वेडेवाकडे आले म्हणून साताऱ्यातल्याच एका डॉक्टर मॅडमकडे तिला क्लिपा बसवल्या होत्या. दर महिन्याला तार बदलायला न्यावं लागायचं आणि मला रजा मिळायची नाही, म्हणून आक्का न्यायची. मुलगी खुर्चीत, ही बाकावर. एकदा ही कशाला तरी हसली आणि डॉक्टर मॅडमनी विचारलं, ताई, तुमचे पुढचे दात मिटत नाहीत का? आक्काला आयुष्यात हे असं सरळ कुणी विचारलंच नव्हतं. लोक बघायचे आणि नजर वळवायचे. घरी आली ती मशीनवर न बसता माझ्याकडे आली. या वयातही होतंय म्हणत्यात, म्हणाली. पुढे माझ्या मुलीनं दात सरळ झाल्यावर झोपताना लावायची प्लेट कपाटात टाकून दिली आणि तिचा एक दात परत फिरला. ज्या पोरीसाठी गेली तिला कदर नाही, आणि आक्का मात्र हट्टाला पेटली.

पहिल्या तपासणीला मी बरोबर होते. डॉक्टर मॅडम तरुण, उत्साही. हसणं किती सुंदर होईल ते त्या फोटो दाखवून समजावत होत्या. आक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "नटायला न्हाई वो मॅडम, मला दोरा तोडायला दात पायजेत." मॅडम आधी हसल्या, मग त्यांच्या लक्षात आलं की ही बाई गंभीर आहे. तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं की दात जुळले तरी दोरा तोडायचा नाही, कडा झिजतात, टवके उडतात, शिवणकाम करणाऱ्यांचे दात त्यानंच खराब होतात. रिक्षात बसल्यावर मी म्हटलं, झालं, मग आता कशाला लावून घेतेस? आक्का बाहेर बघत म्हणाली, "तोडीन न्हाईतर न्हाई तोडणार. यायला तर पायजे."

तार लावायच्या आधी मॅडमनी आम्हाला सांगलीला जबड्याच्या सर्जनकडे पाठवलं होतं, दुसरं मत घ्यायला. त्यांनी एक्स-रे लावून नीट समजावलं, की वरचा जबडा कापून थोडा वर बसवला की फट जाईल. आक्कानं नम्रपणे पाया पडल्यासारखे हात जोडले आणि उठली. खाली आल्यावर मला वाटलं आता साताऱ्याची गाडी धरायची, तर ही कवठे महांकाळच्या गाडीत चढली. मी दमले होते, चिडले होते, दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांना काय सांगायचं याची काळजी होती. माहेरी जायचं असेल तिला म्हणून मीही चढले. माहेरी ती गेलीच नाही. स्टँडपासून जरा आत एका मोबाइलच्या दुकानासमोर जाऊन उभी राहिली. पूर्वी तिथं शिवणकामाचं दुकान होतं. लग्नाआधी ती तिथं शिकायला जायची. शिकणाऱ्या पोरी दातांनी दोरे तोडायच्या, हिला तुटायचा नाही, ओला होऊन फटीतून नुसता सरकायचा. मास्तर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "पोरी, तुज्या दाराला कडीच न्हाई." सगळी हसली. पोरी मग तिला कडी म्हणूनच हाक मारायच्या. मास्तर कधीच वारले. आम्ही दोघी त्या मोबाइलच्या दुकानासमोर थोडा वेळ उभ्या राहिलो, मग उसाचा रस प्यायलो आणि सांगलीच्या गाडीत परत बसलो. एवढ्यासाठी मला एवढ्या लांब आणलं याचा मला राग आला होता, आणि तिच्याशेजारी बसल्यावर तो राहिला नाही.

शस्त्रक्रिया नको म्हटल्यावर मॅडमनी दुसरा मार्ग काढला. हिरड्यांमधल्या हाडात बारीक स्क्रू बसवायचे आणि त्यांच्या आधारानं वरच्या दाढा हळूहळू वर, हाडात ओढायच्या. दाढा आत गेल्या की खालचा जबडा वर येतो आणि पुढचे दात जवळ येतात. पण पूर्ण मिटतीलच अशी खात्री त्यांनी दिली नाही. आक्कानं विचारलं, म्हणजे कडी लागंल का न्हाई ते सांगता येत न्हाई? मॅडमना त्या शब्दाचा अर्थ मी समजावला, आणि मग त्यांच्या तोंडीही तोच बसला.

पुढची दोन वर्षं बघणाऱ्यालाही दमवणारी होती. तार घट्ट केली की चार दिवस ती भाकरी दुधात कुस्करून गिळायची. गालाला आतून जखमा व्हायच्या, त्यावर मेण लावायचं. जिभेची सवय मोडायची होती, नाहीतर ती दातांना परत ढकलणार, म्हणून टोक वर टाळ्याला लावून गिळायचा सराव दिला होता. मशीनवर बसून ती तो सराव करायची आणि गप्प असायची. तिच्या त्या पुढच्या खोलीत एरवी गिऱ्हाईक आणि गप्पा यांचा बाजार भरायचा, तो थंड झाला. कॉलनीतल्या बायका बोलायच्याच. पोरांची लग्नं करायची सोडून हिला आता नटायचं सुचलं, असं एकीनं मलाच ऐकवलं. गल्लीतली पोरं क्लिपवाली काकू म्हणायची. भाऊजी तिला चिडवायचे, भरतीला उभी राहिली असतीस तर दात बघूनच माघारी धाडली असती, पण कुणी बाहेरचं बोललं की त्यांचा चेहरा कडक व्हायचा. ती आमच्याकडे येऊन खुर्चीत बसायची, डोळे मिटायची. दमले गं थालन, म्हणायची. काढून टाक, असं मी कितीदा तरी म्हटलं. त्यावर ती उठून घरी जायची आणि मशीन सुरू करायची.

मग एकदा, दारातून आत येता येता तिनं मला हाक मारली. "शालन, चहा टाक." मी ओट्याशी होते. मागे वळून बघितलं, कोण आलं म्हणून. स्वच्छ 'श'. तिच्या ते लक्षातही आलं नव्हतं. मी चहा टाकला. खरं सांगते, मला आनंद व्हायला हवा होता तितका झाला नाही. इतकी वर्षं मला थालन म्हणणारं एकच माणूस होतं, आणि आता तेही मला इतरांसारखं शालन म्हणणार होतं... ती जायच्या आधीच्या महिन्यात मॅडमकडे शेवटचं जाणं झालं. त्यांनी दाताखाली पातळ रंगीत कागद धरून बघितलं, आरसा धरून तिलाही दाखवलं. आता कडी लागायला केसाएवढंच राहिलंय, म्हणाल्या, पुढच्या वेळी बघू. आणि बोट उगारून बजावलं, पण मंगलताई, दोरा नाही हं. आक्का शाळेतल्या पोरीसारखी मान हलवत होती.

ती पुढची वेळ यायच्या आधीच आम्ही तिला आंघोळ घालत होतो. गावाकडून बायजाकाकी आल्या होत्या, आमच्या चुलत सासूबाई, आता खूप थकलेल्या, पण असल्या वेळी सगळं त्यांच्या हातात. जाणाऱ्याच्या अंगावर बांधलेलं काही ठेवायचं नाही, असं त्या मानतात. त्यांनी आक्काच्या पायातला काळा दोरा सोडला, केसांचं रबर काढलं, दंडातला ताईत सोडला. मग तोंडात पाणी घालताना त्यांना ती तार दिसली. हे बी काढा, म्हणाल्या. बाहेर माणसं खोळंबली होती, माहुलीच्या घाटावर, स्मशानात निरोप गेला होता. भाऊजी दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "राहू दे काकी. तिनं हौसेनं लावलीय." काकींनी वर बघितलं नाही. "हौस हाय तर हाय. पर बांधल्यालं तोंड घिऊन कशी जाईल लेक माजी?" दोघंही तिच्याच बाजूचं बोलत होते. कुणाचं ऐकायचं ते मला कळेना. शेवटी मी कोपऱ्यात जाऊन डॉक्टर मॅडमना फोन लावला आणि काय बोलले ते मला आठवत नाही.

त्या स्कूटरवरून आल्या, हातात छोटी पेटी. बायका बाजूला सरल्या. मॅडम जमिनीवर बसल्या, आक्काचा ओठ बोटानं हळूच उचलला आणि एकेक क्लिप पकडीनं सोडवत गेल्या. त्यांचे हात सराईत होते पण डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून मी पदरानं पुसलं. सगळं निघाल्यावर मी विचारलं, मॅडम, लागली होती का कडी? त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, आता नाही सांगता येणार. माणसानं स्वतः दात मिटले तरच ते कळतं. भाऊजींनी हात पुढे केला, तारेचं ते वेटोळं घेतलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. बायजाकाकींनी मग आक्काच्या तोंडात तुळशीचं पान ठेवलं.

महिना उलटून गेल्यावर भाऊजींचा निरोप आला, मशीनजवळ लोकांची कापडं पडलीत, ज्याची त्याला देऊन टाकू. रविवारी दुपारी मी गेले. मशीनला कुणी हात लावला नव्हता. तिचं कटर नाडीसकट मशीनच्या चाकाशेजारच्या खिळ्याला लटकत होतं, हात लांब केला की लागेल असं. कापडाच्या ढिगात सगळ्यात वर माझा निळा ब्लाउज होता, घडी घातलेला. म्हणजे त्या संध्याकाळी माझ्याकडून गेल्यावर तिनं तो करून ठेवला होता. माझ्या नव्हे, तिच्या सवयीनं मी तो उलटा करून बघितला. दोन्ही बाह्या उसवून शिवण पुढे घेतलेली, काठाला हातशिलाई, बारीक, एकसारखी. आणि शेवटी गाठीपाशी दोऱ्याचं टोक. चपटं, पिंजारलेलं. मी दुसरी बाही बघितली. तिचंही तसंच.

मी भाऊजींना हाक मारली. ते चष्मा लावून खिडकीपाशी गेले, ते टोक बोटावर धरून उजेडात बघत राहिले. रिटायर झाल्यापासून बायकोच्या मशीनशेजारी बसून इतकी वर्षं काढलेला माणूस, त्यांना काही सांगावं लागलं नाही. "हे कटरचं न्हाई," म्हणाले. "नाही," मीही म्हटलं.  मग ते हळूहळू सांगायला लागले, की त्या रात्री झोपायला आली तेव्हा ती तोंडावर पदर धरून हसत होती. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं तर, काही नाही, शालनचा बिलोज झाला, एवढंच म्हणाली. डॉक्टरनं नको म्हटलेलं केलं होतं ना, त्यामुळे बोलली नसेल. उद्या सांगू असं वाटलं असेल... मला रडू आलं ते इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोकळं आलं. लागली हुती म्हणायची कडी, असं काहीतरी ते म्हणाले आणि चष्मा पुसत बाहेर गेले.

शेजारच्या वहिनी परवा भाजीवाल्याकडे भेटल्या. त्यांना मी सगळं सांगितलं, टोकापर्यंत. त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे, एवढ्याशा दोऱ्याचं काय एवढं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. असू दे. निळा ब्लाउज आता मी घालते. बाही बरोबर बसते. दोऱ्याचं ते टोक आतून दंडाला जरासं टोचतं. ते मी कापलेलं नाही.